व्यवसायाच्या वेबसाइटसाठी अंतर्गत दुव्यांची रचना कशी ठरवावी

एकाच वेबसाइटच्या एका पानावरून तिच्याच दुसऱ्या पानावर नेणाऱ्या लिंकला अंतर्गत दुवा म्हणतात. मेनूमधील नोंदी, लेखाच्या मजकुरात अधोरेखित दिसणारे शब्द, लेखाखालची ‘संबंधित लेख’ ही चौकट, उत्पादनाच्या चित्रावर क्लिक केल्यावर उघडणारे पान, हे सगळे अंतर्गत दुवेच. व्यवसायाची वेबसाइट नव्याने उभी करणारे बहुतेक जण रंगसंगती, छायाचित्रे आणि मजकूर यांवर पुष्कळ विचार करतात. दुवे मात्र लिहिता लिहिता सुचतील तसे टाकले जातात. पुढे पाने वाढली की त्याचा परिणाम दिसू लागतो. माहितीपर लेखांना वाचक मिळतात, पण सेवा किंवा उत्पादन सांगणाऱ्या पानापर्यंत त्यांतले फार थोडे पोहोचतात, आणि काही पाने तर सर्च इंजिनलाही सापडत नाहीत.

ज्यांच्याकडे दहा-वीस पानांपासून काही शे पानांपर्यंतची वेबसाइट आहे आणि ज्यांनी हे काम यापूर्वी कधी पद्धतशीरपणे केलेले नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरण म्हणून पाण्याचे पंप विकणारा आणि दुरुस्त करणारा एक काल्पनिक व्यवसाय सर्वत्र घेतला आहे. ‘सायलो’, ‘टॉपिक क्लस्टर’, ‘पिरॅमिड’ अशी आराखड्यांची नावे या क्षेत्रात सतत कानावर पडतात आणि नवखा माणूस आधी त्यांतला एक आराखडा पसंत करून मग आपली पाने त्यात कोंबू लागतो. हा क्रम उलटा असायला हवा. व्यवसाय कोणत्या पानांवर होतो ते आधी ठरवावे, त्या पानावर येणारा माणूस त्यापूर्वी काय वाचत असेल याचा मग विचार करावा; त्यानंतर आराखडा निवडायला फारसा वेळ लागत नाही.

दुवा नेमके काय काम करतो

सर्च इंजिनचा क्रॉलर, म्हणजे पाने वाचत फिरणारा प्रोग्रॅम, नवी पाने मुख्यतः दुव्यांवरून शोधतो. साइटमॅप, म्हणजे वेबसाइटवरील पानांच्या पत्त्यांची यादी असलेली फाइल, दिली तरी तिचे काम पानाचा पत्ता कळवण्यापुरतेच असते. ते पान बाकीच्या पानांच्या तुलनेत किती महत्त्वाचे आहे आणि कोणत्या विषयाशी जोडलेले आहे, हे दुव्यांवरून उमगते. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना १९९८ मध्ये मांडलेल्या पेजरँक पद्धतीचा गाभा हाच होता. त्या गणितात एक काल्पनिक वाचक दुवे धरून पानापानांवर यदृच्छेने फिरत असतो. प्रत्येक पावलाला सामान्यतः ०.८५ इतक्या संभाव्यतेने तो समोरच्या पानावरील एखादा दुवा धरतो आणि उरलेल्या वेळी कंटाळून भलत्याच पानावर जातो. हा वाचक ज्या पानावर वारंवार येऊन पोहोचेल, ते पान वजनदार. पानाचे वजन त्यावरील दुव्यांमध्ये वाटले जात असल्यामुळे दहा दुव्यांच्या पानावर एकेका दुव्याच्या वाट्याला जेवढे येते, तेवढे शंभर दुव्यांच्या पानावर येत नाही.

पुढे या कल्पनेत बदल होत गेले. गुगलने २००४ मध्ये अर्ज केलेल्या आणि २०१० मध्ये मंजूर झालेल्या एका पेटंटमध्ये यदृच्छेने फिरणाऱ्या वाचकाच्या जागी समंजस वाचक आहे: दुव्याची पानावरील जागा, त्याच्या अक्षरांचा आकार, त्यातील शब्द यांसारख्या गोष्टींवरून वाचक कोणता दुवा खरोखर धरील याचा त्यात अंदाज बांधलेला आहे. पेटंटमधील प्रत्येक तपशील आज जसाच्या तसा वापरात आहे असे मानण्याचे कारण नाही, परंतु त्यातून दिसणारी दिशा नवख्याला पुरेशी उपयोगी आहे. ज्या दुव्यावर माणूस क्लिक करण्याची शक्यता अधिक, तो दुवा सर्च इंजिनच्या दृष्टीनेही अधिक मोलाचा असण्याची शक्यता असते. त्यामुळे सर्च इंजिनसाठी वेगळे आणि माणसासाठी वेगळे असे दुवे आखण्याच्या फंदात पडू नये.

पायरी १ : सर्व पानांची यादी करणे

स्प्रेडशीटमध्ये वेबसाइटवरील प्रत्येक पानाचा पत्ता, शीर्षक, पानाचे काम आणि त्या पानाकडे येणाऱ्या अंतर्गत दुव्यांची संख्या, असे चार रकाने करावेत. छोट्या वेबसाइटची यादी हाताने करता येते. पाने जास्त असतील तर स्क्रीमिंग फ्रॉगसारखे साधन वापरावे. त्याची मोफत आवृत्ती ५०० पत्त्यांपर्यंत वेबसाइट धुंडाळून ही यादी तयार करून देते. गुगल सर्च कन्सोल, म्हणजे आपली वेबसाइट गुगलच्या शोधात कशी दिसते हे मालकाला दाखवणारी सेवा, तिच्यातील ‘लिंक्स’ या अहवालातही कोणत्या पानाकडे किती अंतर्गत दुवे येतात ते पाहता येते.

या पायरीवर एक तुलना अवश्य करावी. मुख्यपृष्ठापासून दुवे धरत गेल्यावर साधनाला सापडलेली पाने एका बाजूला ठेवावीत आणि साइटमॅपमध्ये किंवा मजकूर-व्यवस्थापन प्रणालीत नोंदलेली पाने दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या यादीत आहेत पण पहिलीत नाहीत, ती अनाथ पाने. म्हणजे ती प्रकाशित झालेली आहेत, परंतु वेबसाइटच्या कोणत्याही पानावरून त्यांच्याकडे वाट नाही. जुन्या जाहिरात मोहिमेसाठी केलेली पाने, मेनू बदलताना गळून पडलेल्या सेवा आणि मुख्यपृष्ठावरील ‘ताजे लेख’ या चौकटीतून खाली सरकत गेलेले जुने लेख अशा यादीत हमखास आढळतात. प्रत्येक अनाथ पान वाचवलेच पाहिजे असे नाही. जाहिरातीपुरते केलेले पान मुद्दाम बाजूला ठेवलेले असू शकते. जे आज निरुपयोगी आहे ते काढून टाकणेच योग्य.

‘पानाचे काम’ या रकान्यात वर्गवारीची लांबलचक नावे नकोत. पंपाच्या व्यवसायापुरते पाहिले तर काही पानांवरून चौकशी किंवा खरेदी होते (दुरुस्ती सेवा, देखभाल करार, एखाद्या पंपाचे उत्पादन-पान), काही पाने ग्राहकाला निवड करायला मदत करतात (दोन प्रकारच्या पंपांची तुलना, अश्वशक्ती कशी ठरवावी), काही पाने एखाद्या अडचणीचे उत्तर देतात (पंप पाणी का उचलत नाही), आणि काही पाने विश्वास देतात (पूर्ण केलेली कामे, हमीच्या अटी). बहुतेक व्यवसायांची पाने या चार कामांत बसतात. जे पान कशातच बसत नाही, त्याच्याबद्दल ते मुळात कशासाठी लिहिले होते हे विचारावे.

पायरी २ : लक्ष्यपाने निवडणे

ही पायरी सर्वांत अवघड आहे आणि सर्वांत जास्त टाळली जाते. व्यवसायाच्या मालकाला विचारले तर सगळीच पाने महत्त्वाची असतात. मग मुख्यपृष्ठावरून प्रत्येक सेवेला, प्रत्येक सेवेवरून बाकीच्या सर्व सेवांना आणि तळाच्या पट्टीतून पुन्हा सर्वांना दुवे दिले जातात. अशा वेबसाइटवर प्रत्येक पानाला जवळजवळ सारखेच दुवे मिळतात, आणि कोणते पान पुढे आणायचे आहे याचा कसलाही संकेत ना वाचकाला मिळतो, ना क्रॉलरला.

लक्ष्यपान म्हणजे ज्याच्याकडे वेबसाइटने वाचकाला सातत्याने आणायचे आहे असे पान. निवडीसाठी तीन प्रश्न पुरतात. या पानावरून आलेल्या चौकशीतून व्यवसायाला खरोखर उत्पन्न मिळते का? या पानाचा विषय लोक सर्च इंजिनवर शोधतात का? आणि शोधत आलेल्या माणसाला हे पान आज जसे आहे तसे दाखवायला आपल्याला संकोच वाटणार नाही ना? तिसरा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. चार ओळींच्या, छायाचित्र नसलेल्या, संपर्काचा मार्ग न दाखवणाऱ्या पानाकडे पन्नास दुवे वळवले तरी वाचक तिथून परतच जाणार. असे पान आधी नीट लिहून घ्यावे, दुवे नंतर.

लक्ष्यपाने किती असावीत याला ठरीव संख्या नाही. तरीही पन्नासेक पानांच्या वेबसाइटवर पाच-सहापेक्षा जास्त पानांना हा दर्जा दिला तर तो दर्जा राहत नाही, असे माझे मत आहे. पंपाच्या व्यवसायात ‘पंप दुरुस्ती’, ‘वार्षिक देखभाल करार’, ‘सबमर्सिबल पंप’ आणि ‘सेंट्रिफ्युगल पंप’ ही चार पाने निवडली, तर पुढचे जवळजवळ सर्व निर्णय सोपे होतात, कारण कोणताही नवा लेख लिहिताना तो या चारपैकी कोणाच्या कामी येतो एवढेच पाहायचे उरते.

एकाच विषयावर दोन पाने एकमेकांशी स्पर्धा करत असतील तर तेही इथेच उघडकीस येते. ‘पंप दुरुस्ती’ आणि ‘मोटर व पंप दुरुस्ती सेवा’ अशी दोन पाने असतील, तर निम्मे दुवे एकीकडे आणि निम्मे दुसरीकडे जातात आणि सर्च इंजिन कधी हे, तर कधी ते पान दाखवते. दोन्हींतला चांगला मजकूर एकत्र करावा, एकच पान ठेवावे, दुसऱ्या पत्त्यावरून कायमस्वरूपी म्हणजे ३०१ प्रकारचे रीडायरेक्ट (आलेल्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी सूचना) द्यावे आणि जुने दुवेही नव्या पत्त्याकडे वळवावेत.

पायरी ३ : आराखडा निवडणे

आता नावे घेण्याची वेळ आली. उतरंडीचा, म्हणजे पिरॅमिडचा, आराखडा सर्वांत जुना आणि समजायला सोपा: मुख्यपृष्ठ, त्याखाली विभाग, विभागाखाली उपविभाग, शेवटी एकेक उत्पादन किंवा सेवा. ज्या व्यवसायाकडे पुष्कळ उत्पादने आहेत आणि ग्राहक गाळत गाळत निवड करतो, त्याला हाच आराखडा शोभतो. ‘सबमर्सिबल पंप’ या विभागपानावरून त्याखालील सर्व पंपांना दुवे जातात आणि प्रत्येक पंपाच्या पानावरून विभागपानाकडे परत येणारा दुवा असतो. या आराखड्यात विभागपान हेच बहुधा लक्ष्यपान असते. त्यामुळे तिथे उत्पादनांची जाळी तेवढी दाखवून न थांबता, निवड कशी करावी हे सांगणारे दोन-तीन परिच्छेद असणे हिताचे.

विषयगुच्छाचा, म्हणजे टॉपिक क्लस्टरचा आराखडा सेवा विकणाऱ्यांना आणि ज्ञानाच्या बळावर ग्राहक मिळवणाऱ्यांना अधिक उपयोगी पडतो. एका मोठ्या विषयाचे एक आधारपान असते आणि त्या विषयातील एकेका प्रश्नाचे स्वतंत्र लेख असतात; आधारपानावरून प्रत्येक लेखाकडे आणि प्रत्येक लेखावरून आधारपानाकडे दुवा असतो, आणि ज्या लेखांचा एकमेकांशी खरा संबंध आहे ते आपसातही जोडलेले असतात. आमच्या उदाहरणात ‘पंप दुरुस्ती’ हे आधारपान झाले, तर ‘पंपातून आवाज का येतो’, ‘मोटर वारंवार का तापते’, ‘पाण्याचा दाब कमी का होतो’ हे त्याचे लेख. हा आराखडा निवडताना एक धोका लक्षात ठेवावा: आधारपान आणि लक्ष्यपान ही दोन कामे एकाच पानावर मावतातच असे नाही. तीन हजार शब्दांच्या मार्गदर्शक पानावर चौकशीचा अर्ज हरवून जातो. विषय मोठा असेल तर आधारपान वेगळे ठेवावे आणि त्याच्या वरच्या भागातून सेवा-पानाकडे ठळक दुवा द्यावा.

क्रमवार आराखड्यात एक पान संपले की पुढचे पान येते. प्रशिक्षण देणाऱ्या किंवा सॉफ्टवेअरची मदतपुस्तिका प्रसिद्ध करणाऱ्या व्यवसायांना तो लागतो. इतरांना तो वेबसाइटच्या एखाद्या कोपऱ्यापुरता पुरतो. सपाट आराखड्यात सर्व पाने मुख्यपृष्ठापासून एका क्लिकवर असतात. ज्या वेबसाइटवर जेमतेम दहा-बारा पाने आहेत तिने याहून गुंतागुंतीचे काही करू नये, नीट लिहिलेला मेनू आणि मजकुरातील मोजके दुवे एवढ्यावर तिचे भागते.

सायलो या आराखड्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण नवख्यांना त्याचे आकर्षण फार असते. त्यात वेबसाइट विषयवार कप्प्यांत विभागली जाते आणि कडक स्वरूपात एका कप्प्यातील पानावरून दुसऱ्या कप्प्यात दुवा देण्यास मनाई असते. कप्पे पाडण्यात काही गैर नाही. बरीचशी चांगली रचना तशीच असते. मनाईचा भाग मात्र माझ्या मते वाचकाच्या मुळावर येतो. सबमर्सिबल पंपाचा लेख वाचणाऱ्याला देखभाल करार हवा असेल, तर निव्वळ तो दुसऱ्या कप्प्यात आहे म्हणून त्याला वाट न दाखवणे हे व्यवसायाच्या हिताचे नाही. वाचकाची गरज कप्पा ओलांडत असेल तर दुव्यानेही ओलांडावा.

प्रत्यक्षात मध्यम आकाराची वेबसाइट मिश्र आराखड्यावर चालते: उत्पादनांसाठी उतरंड, सेवांसाठी विषयगुच्छ. निवड अडली तर ग्राहक आपल्याकडे येताना काय घेऊन येतो ते पाहावे. तो वस्तूचे नाव घेऊन येत असेल तर उतरंड आधी बांधावी, आणि अडचण घेऊन येत असेल तर विषयगुच्छ.

खोलीचा प्रश्न याच पायरीवर सुटतो. पान किती खोल आहे हे त्याच्या पत्त्यातील तिरप्या रेषा मोजून ठरवायचे नसते. मुख्यपृष्ठापासून तिथे पोहोचायला कमीत कमी किती क्लिक लागतात हे पाहायचे असते. प्रत्येक पान तीन क्लिकच्या आत असलेच पाहिजे, असा नियम जागोजागी सांगितला जातो, पण तो कोणत्याही सर्च इंजिनचा नियम नाही. लक्ष्यपाने एका किंवा दोन क्लिकवर असावीत. पाच वर्षांपूर्वीचा एखादा लेख चौथ्या क्लिकवर असला तर काही बिघडत नाही.

पायरी ४ : दुव्यांच्या जागा ठरवणे

मेनू हा सर्व पानांवर दिसत असल्यामुळे तिथली प्रत्येक नोंद म्हणजे वेबसाइटवर जितकी पाने तितके दुवे. म्हणून मेनूमध्ये लक्ष्यपाने आणि मुख्य विभाग असावेत. माऊस नेताच शंभर नोंदी उलगडणारा मेनू मोठ्या दुकानी वेबसाइटला क्वचित आवश्यक असतो, लहान व्यवसायाला नाही. मोबाइलवर मेनू आटोपशीर दिसावा म्हणून काही नोंदी किंवा ब्रेडक्रंब तिथून काढून टाकण्याची पद्धत आहे; ती टाळावी. गुगल आता वेबसाइटची मोबाइल आवृत्ती वाचूनच पानांची नोंद घेते, त्यामुळे जो दुवा संगणकावर दिसतो पण मोबाइल आवृत्तीत नाही, तो गुगलच्या हिशेबातही नसण्याची शक्यता असते.

ब्रेडक्रंब, म्हणजे पानाच्या माथ्यावरील ‘मुख्यपृष्ठ, पंप, सबमर्सिबल पंप’ अशी वाट, उतरंडीच्या आराखड्यात नक्की ठेवावा. तो थोडक्या जागेत पानाला त्याच्या विभागाशी जोडतो. जानेवारी २०२५ पासून गुगलने मोबाइलवरील शोधनिकालांत ब्रेडक्रंब दाखवणे थांबवले आहे. वेबसाइटवरील त्याचे काम त्यामुळे संपत नाही.

तळाची पट्टी हमी, गोपनीयता, संपर्क अशा पानांसाठी योग्य आहे. तिथे चाळीस सेवांची यादी चिकटवून काही साधत नाही.

सर्वांत मोलाचे दुवे मजकुरातले. ‘पंपातून आवाज का येतो’ या लेखाचे उदाहरण घेऊ. लेखात आधी सांगितले आहे की, पंपाला ओढीच्या बाजूने पुरेसे पाणी मिळाले नाही तर कॅव्हिटेशन होऊन खडखडाट येतो आणि बेअरिंग झिजले तर घरघर ऐकू येते. पहिल्या कारणात वाचकाला गाळणी साफ करणे, झडप पूर्ण उघडी आहे का ते पाहणे, हे स्वतः करता येते. तिथे ‘ओढीची नळी कशी तपासावी’ या लेखाचा दुवा हवा. दुसऱ्या कारणात पंप उघडावा लागतो, आणि ‘हे काम कारागिरावाचून होणार नाही’ हे वाचकाच्या लक्षात येते तो क्षण म्हणजे दुरुस्ती सेवेच्या दुव्याची जागा. तोच दुवा लेखाच्या पहिल्या वाक्यात दिला तर वाचक अजून त्या निर्णयापर्यंत आलेला नसतो, आणि तो लेखाच्या अगदी शेवटी ठेवला तर तोपर्यंत बरेच जण निघून गेलेले असतात. मजकुरातील दुव्याची जागा ठरवताना लेखाची लांबी मोजत बसू नये. वाचकाच्या मनात पुढचा प्रश्न कुठे उमटतो ते शोधावे.

‘संबंधित लेख’ ही चौकट बहुतेक प्रणाली आपोआप भरतात. ती तारखेवरून भरली जात असेल तर तिला संबंधित म्हणता येत नाही. लक्ष्यपानांखालची चौकट तरी हाताने निवडावी.

एका पानावर किती दुवे असावेत हा प्रश्न हमखास विचारला जातो. गुगलच्या मार्गदर्शनात एके काळी शंभराच्या आत दुवे ठेवण्याचा सल्ला होता. तो केव्हाच काढून टाकण्यात आला आणि आता कोणतीही आदर्श संख्या सांगितली जात नाही. एका परिच्छेदात तीन दुवे आले की वाचक कोणताच धरत नाही, असा अंदाज बाळगून लिहिले तरी पुरे.

पायरी ५ : दुव्याचे शब्द लिहिणे

ज्या शब्दांवर क्लिक करायचे त्यांना अँकर टेक्स्ट म्हणतात. क्लिक केल्यावर काय मिळेल हे त्या शब्दांतून कळले पाहिजे. ‘इथे क्लिक करा’, ‘अधिक वाचा’, ‘हा लेख पाहा’ यांतून काहीच कळत नाही. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध व्यक्ती कित्येकदा पानावरील दुव्यांचीच यादी ऐकतात. तिथे ‘अधिक वाचा’ हे शब्द बारा वेळा ऐकू आले तर ते पान त्यांच्या दृष्टीने बंदच असते. दुव्याचा हेतू समजला पाहिजे, हा निकष वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे डब्ल्यूसीएजीमध्ये, अगदी पायाभूत ‘ए’ पातळीवर आहे.

चांगला दुवा वाक्यातून सहज उगवतो: ‘बेअरिंग बदलायचे असल्यास पंप दुरुस्ती सेवेत कोणती कामे केली जातात ते आधी पाहावे’ या वाक्यात ‘पंप दुरुस्ती सेवेत कोणती कामे केली जातात’ एवढ्या शब्दांना दुवा द्यावा. प्रत्यय शब्दासकट दुव्याच्या आत घ्यावा. ‘सेवा’ हा शब्द मूळ रूपातच यावा म्हणून वाक्य वाकडे करण्याची गरज नाही. एकाच लक्ष्यपानाकडे जाणाऱ्या दुव्यांचे शब्द प्रत्येक ठिकाणी जसेच्या तसे नसावेत, पण एकाच शब्दसमूहाने दोन वेगवेगळ्या पानांकडे मात्र कधीही नेऊ नये. चित्राला दुवा दिला असेल तर त्या चित्राचा पर्यायी मजकूर, म्हणजे ऑल्ट टेक्स्ट, हाच दुव्याच्या शब्दांचे काम करतो. तो रिकामा ठेवला तर दुवा मुका राहतो.

वेबसाइट दोन भाषांत असेल तर मराठी पानावरील दुवे मराठी पानांकडेच जावेत. अनुवाद करताना मजकूर बदलतो आणि दुव्यांचे पत्ते मूळ भाषेचेच राहून जातात, हे फार वेळा घडते.

पायरी ६ : दुवे तांत्रिकदृष्ट्या तपासणे

दिसायला दुवा असलेली प्रत्येक गोष्ट क्रॉलरला दुवा वाटत नाही. पानाच्या कोडमध्ये अँकर टॅग आणि त्यात एचरेफ या गुणधर्मात लिहिलेला खरा पत्ता असेल, तरच तो दुवा भरवशाने धरला जातो. जावास्क्रिप्टच्या सूचनेने पान उघडणारे बटण माणसाला चालते. गुगलचा क्रॉलर बटणे दाबत नाही. ‘आणखी दाखवा’ या बटणामागे लपलेली उत्पादने त्यामुळेच अनाथ ठरू शकतात. त्यांना क्रमांकित पानांचे साधे दुवे द्यावेत.

पुढची तपासणी पत्त्यांची. अंतर्गत दुवा थेट अंतिम पत्त्यावर जावा, रीडायरेक्टवरून फिरत जाऊ नये. पत्ता ‘एचटीटीपी’ने सुरू होतो की ‘एचटीटीपीएस’ने, त्यात ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ आहे की नाही, शेवटी तिरपी रेष आहे की नाही, यांतले एकच रूप ठरवावे. एका पानाची अनेक रूपे असतील आणि त्यांपैकी एक कॅनोनिकल, म्हणजे मुख्य रूप, म्हणून जाहीर केले असेल, तर सर्व दुवे त्याच रूपाकडे असावेत. घोषणा एका पत्त्याची आणि दुवे दुसऱ्याकडे, असा विसंवाद ठेवू नये. अंतर्गत दुव्यांच्या पत्त्याला जाहिरात मोहिमांसाठीचे यूटीएम घटक (वाचक कोणत्या मोहिमेतून आला ते कळवणारे, पत्त्याच्या शेवटी जोडलेले शब्द) जोडू नयेत, कारण वाचक मुळात कुठून आला याची नोंद त्यामुळे बिघडते.

नोफॉलो, म्हणजे ‘हा दुवा धरू नये’ असे सर्च इंजिनला सांगणारा गुणधर्म, लावून काही अंतर्गत दुवे ‘बंद’ करावेत आणि वाचलेले वजन लक्ष्यपानांकडे वळवावे, असा सल्ला अजूनही ऐकू येतो. गुगलने २००९ मध्येच स्पष्ट केले की, नोफॉलो लावलेल्या दुव्याचा वाटा बाकीच्या दुव्यांना मिळत नाही, तो वाया जातो. पानावर एखादा दुवा नको असेल तर तो काढून टाकावा.

लहान वेबसाइटच्या मालकाने क्रॉल बजेटची, म्हणजे क्रॉलर आपल्या वेबसाइटची किती पाने वाचील याच्या मर्यादेची, चिंता करू नये. गुगलचे त्याविषयीचे मार्गदर्शन दहा लाखांहून अधिक पानांच्या, किंवा रोज बदलणाऱ्या दहा हजारांहून अधिक पानांच्या वेबसाइटना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहे.

पायरी ७ : दुवे बसवण्याचा क्रम

सगळी पाने एका बैठकीत बदलायला घेऊ नयेत. सर्च कन्सोलमध्ये ज्या पानांना सर्वाधिक वाचक मिळताना दिसतात आणि ज्यांच्याकडे बाहेरच्या वेबसाइटवरून दुवे येतात, अशी जुनी पाने आधी उघडावीत. त्यांच्याकडे वाचकही आहेत आणि वजनही. त्यांच्या मजकुरातून लक्ष्यपानाकडे एकेक योग्य दुवा दिला तरी नव्या लेखांतील डझनभर दुव्यांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो. दुव्यासाठी जागा शोधायला गुगलच्या शोधचौकटीत ‘site:’ ही सूचना, तिला लागूनच आपल्या वेबसाइटचा पत्ता आणि पुढे अवतरणचिन्हांत हवा तो शब्दप्रयोग टाकावा. तो शब्दप्रयोग आलेली आपलीच पाने समोर येतात. दुवा बसावा म्हणून एखादे वाक्य नव्याने लिहावे लागले तर लिहावे, पण ते वाक्य दुव्याशिवायही तिथे शोभले पाहिजे.

नवे पान प्रकाशित करताना दोन दिशांनी काम करावे: त्या पानावरून कुठे जायचे, आणि कोणत्या जुन्या पानांवरून इथे यायचे. दुसरा अर्धा भाग बहुधा विसरला जातो. तो झाल्याशिवाय पान पूर्ण झाले असे समजू नये, असा दंडक संपादन करणाऱ्यांसाठी घालून द्यावा.

शब्द दिसला की आपोआप दुवा जोडणारी प्लगइन मिळतात. मी ती सुचवणार नाही. ‘पंप’ हा शब्द लेखात वीस वेळा आला म्हणून त्याला दुवे लागतात आणि वाचक ते सगळेच दुर्लक्षित करू लागतो. दुव्यासाठी जागा सुचवणारे आणि निर्णय माणसावर सोडणारे साधन असेल तर त्याला हरकत नाही.

पायरी ८ : परिणाम पाहणे आणि देखभाल

बदलांची तारीख आणि बदललेली पाने स्प्रेडशीटमध्येच नोंदवावीत. परिणाम काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत दिसतो; दर दोन दिवसांनी आकडे पाहून दुवे हलवत राहिले तर कशामुळे काय झाले हे कधीच कळणार नाही. सर्च कन्सोलमध्ये लक्ष्यपान किती वेळा दिसले आणि त्यावर किती क्लिक झाले ते पाहावे. पानाची स्थिती ‘सापडले, सध्या इंडेक्स केलेले नाही’ (इंडेक्स म्हणजे सर्च इंजिनची पानांची नोंदवही) अशी असेल तर त्याच्याकडे पुरेसे दुवे आहेत का ते आधी तपासावे. ‘क्रॉल केले, सध्या इंडेक्स केलेले नाही’ अशी स्थिती असेल तर पान वाचून झालेले आहे. तिथे दुव्यांपेक्षा मजकुराकडे बघणे बहुधा अधिक उपयोगी ठरते. गुगल ॲनालिटिक्स ४ या वाचकांच्या हालचाली मोजणाऱ्या साधनात बाहेर जाणाऱ्या दुव्यांवरील क्लिक आपोआप नोंदवता येतात, अंतर्गत दुव्यांवरील क्लिक मात्र तशा नोंदल्या जात नाहीत. त्यासाठी वेगळी नोंद जोडावी लागते, किंवा लेखावरून वाचक पुढे कोणत्या पानावर गेले हे मार्ग-अहवालात पाहावे लागते.

तुटलेल्या दुव्यांची तपासणी तीन महिन्यांतून एकदा केली तरी लहान वेबसाइटला चालते. उत्पादन बंद झाले आणि त्याचा थेट पर्याय असेल, तर जुन्या पत्त्यावरून त्या पर्यायाकडे ३०१ रीडायरेक्ट द्यावे आणि मजकुरातील दुवेही त्याच दिवशी बदलावेत. पर्याय नसेल तर दुवे काढून टाकावेत आणि तो पत्ता ४०४ (पान सापडत नाही) किंवा ४१० (पान कायमचे काढले) असे उत्तर देईल अशी व्यवस्था करावी. बंद झालेली सगळी पाने सरसकट मुख्यपृष्ठाकडे वळवण्याची सवय लावून घेऊ नये, कारण वाचकाला आपण भलतीकडे का आलो हे समजत नाही आणि गुगलही अशा वळणांना अनेकदा ‘सॉफ्ट ४०४’, म्हणजे पान अस्तित्वात नसल्यासारखेच, धरते.